अर्जावरचे आडनाव आणि 'गुणवत्ते'चा कांगावा

20 जानेवारी 2025 रोजी डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच दिवशी त्यांनी सरकारी खात्यांतील 'विविधता, समता आणि समावेशन' या नावाने चालणारे सर्व कार्यक्रम बंद करण्याच्या आदेशावर सही केली. दुसऱ्या दिवशी आणखी एक आदेश निघाला. 1965 साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांवर एक बंधन घातले होते. माणसे कामावर घेताना वर्ण, धर्म, वंश पाहून भेदभाव करावयाचा नाही, आणि तो होत नाही हे नुसते तोंडाने न सांगता कृतीने दाखवावयाचे, असे ते बंधन. जवळजवळ साठ वर्षे चाललेली ही गोष्ट एका सहीने मोडीत निघाली.

बातमी अमेरिकेची, पण आनंदाच्या उकळ्या फुटल्या त्या आपल्याकडच्या काही मंडळींना! कचेरीतल्या चहाच्या वेळी, लग्नाच्या पंगतीत, मोबाईलवरच्या निरोपांत एकच पालुपद सुरू झाले: "अमेरिकेनेसुद्धा आरक्षण बंद केले, आता आपण कधी शहाणे होणार?" वास्तविक अमेरिकेत आपल्यासारख्या राखीव जागा नाहीत. विद्यापीठाच्या प्रवेशात ठरावीक जागा बाजूला काढून ठेवण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच मनाई केली होती. तेथे होते ते एवढेच, की दारे सर्वांना उघडी आहेत काय हे पाहावे, जाहिरात सर्वांपर्यंत पोहोचते काय हे तपासावे, आणि कामाच्या ठिकाणी कुणाचा अपमान होऊ नये म्हणून व्यवस्था ठेवावी. आता तेवढेही नको झाले. आणि कारण कोणते दिले? तर गुणवत्ता!

हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. 1978 साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या, तेव्हाही सभ्य भाषेत बोलणारे लोक होते आणि त्यांच्याही बोलण्यात हाच शब्द होता. मंडल आयोगाच्या वेळीही तोच. म्हणून गुणवत्तेची निवड प्रत्यक्षात कशी होते, हे एकदा नीट पाहू या.

आपल्या नागसेनवनातून शिकून गेलेले एक अर्थशास्त्रज्ञ आहेत, डॉ. सुखदेव थोरात. अमरावती जिल्ह्यात जन्म, बी. ए. मिलिंद महाविद्यालयातून, एम. ए. येथल्याच विद्यापीठातून. पुढे ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि 2006 ते 2011 या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांनी आणि पॉल ॲटवेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मिळून 2005 च्या ऑक्टोबरपासून 66 आठवडे एक प्रयोग केला. मोठमोठ्या इंग्रजी वृत्तपत्रांत खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येतात, त्यांतल्या 548 जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठविले. प्रत्येक जाहिरातीला निदान तीन अर्ज. पदवी सारखी, अनुभव सारखा, इंग्रजी सारखे. फरक फक्त नावाचा. एका अर्जावर उच्चवर्णीय हिंदूचे नाव, दुसऱ्यावर दलित असावा असे ओळखू येणारे नाव, तिसऱ्यावर मुसलमानाचे.

निकाल असा लागला: उच्चवर्णीय नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची जेवढी शक्यता, तिच्या साधारण दोन-तृतीयांश शक्यता दलित नावाला, आणि एक-तृतीयांश मुसलमान नावाला. हे सर्व 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात छापून आले आहे. कुणालाही काढून वाचता येईल.

वाचक बंधु-भगिनींनो, येथे क्षणभर थांबा. त्या अर्जदारांना कुणी पाहिले नव्हते, त्यांच्याशी कुणी बोलले नव्हते. त्यांची गुणवत्ता कागदावर होती आणि ती तिघांची सारखीच होती. तरीही आडनावापाशी अर्ज बाजूला पडला. तेव्हा 'आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो' असे म्हणणाऱ्याला विचारले पाहिजे की बाबा रे, तू गुणवत्तेपर्यंत पोहोचलास तरी कधी?

बरे, बोलावणे आले तरी पुढे मुलाखत आहेच. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या दोन अभ्यासकांनी त्याच सुमारास मोठ्या कंपन्यांतील नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले. जात पाळतो असे कुणीच म्हणाले नाही. पण 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र त्यांना हवी होती. वडील काय करतात, भाऊ-बहिणी कुठे शिकल्या, घर कुठल्या भागात आहे? ज्याचा बाप ऊसतोडीला जातो किंवा बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली आहे, त्या मुलाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? खरे सांगितले तरी पंचाईत, खोटे सांगितले तरी पंचाईत. आपल्यातल्या काही कुटुंबांनी आडनावे बदलून घेतली, त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. ठेवू नयेत. अर्ज कुठे अडतो हे त्या आई-बापांना डॉ. थोरातांच्या प्रयोगाच्या आधीपासून ठाऊक होते.

तोंडाने धागा ओढण्याची गोष्ट

ही रीत खाजगीकरणाने आणलेली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार इतर खात्यांपेक्षा बरा होता. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा दुसरा कामगार कसा तोंडाला लावणार? म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत राहिली. 1928 साली गिरण्यांचा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करा ही मागणी तुमच्या यादीत आली पाहिजे. कामगार-एकजुटीची भाषा बोलणाऱ्या त्या पुढाऱ्यांनी ती घेतली, पण खुशीने नव्हे. आणि गिरणीमालकांनी हात झटकले: हा अन्याय असला तरी त्याला आम्ही जबाबदार नाही!

म्हणजे कामगार म्हणणार हा मालकांचा प्रश्न, मालक म्हणणार हा कामगारांचा प्रश्न. लेखी नियम कुठेच नव्हता. विणकामाची गुणवत्ता आपल्या माणसांत आहे की नाही, हे तपासण्याची वेळच कुणावर आली नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, आगगाडीने मुंबईकडे निघाले की वाटेत मनमाड लागते. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी तेथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांनी सांगितले ते या परिषदेत. ते वाक्य आपण फलकांवर लिहितो, पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकरीचा जो हिशेब मांडला तो फारसा कुणी सांगत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, असे ते म्हणाले. पोर्टरची जागा त्याला मिळत नाही, कारण पोर्टर म्हणजे स्टेशनमास्तरच्या घरचा गडीही असतो आणि स्टेशनमास्तर सवर्ण. मॅट्रिक झालेला असला तरी कारकून होत नाही. कारखान्यात मेकॅनिक क्वचित, फोरमन नाहीच. एकेका जागेपाशी जाऊन दार कुठे बंद आहे ते त्यांनी दाखविले.

त्याच रेल्वेची पुढची कहाणी ऐकण्यासारखी आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेची 1980 ते 2002 या काळातली आकडेवारी तपासली. राखीव जागांवरून आलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या नोकरांमुळे कामाची उत्पादकता घटली काय? घटल्याचा कोणताही पुरावा त्यांना आढळला नाही. उलट वरच्या श्रेणीतील पदांवर या वर्गांतील माणसे वाढली तेथे काही बाबतींत परिणाम चांगलाच दिसला. राखीव जागांमुळे गाड्या रुळावरून घसरतील अशी भीती घालणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा. वाचणार नाहीत, ती गोष्ट वेगळी.

नोंदवहीचा जोर

बंद दार उघडले ते कुणाच्या मनाच्या मोठेपणाने नव्हे, नियमाने उघडले. कोल्हापूरला शाहू महाराज 1894 साली गादीवर आले तेव्हा कारभारातील 71 पैकी 60 पदांवर ब्राह्मण होते. महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवण्याचा हुकूम काढला. 1912 साली 95 पैकी 35 अधिकारी ब्राह्मण होते. म्हणजे दहा वर्षांत माणसे मिळाली! 'लायक उमेदवार मिळत नाहीत' हे वाक्य आपण अजून ऐकतो, म्हणून हा आकडा घरातल्या पोरांना पाठ असावा.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1943 साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या, 1946 साली त्या 12.5 टक्के झाल्या. पुढे राज्यघटनेच्या 16 व्या कलमात हे तत्त्व पक्के झाले. आज केंद्रात अनुसूचित जातींना 15 टक्के आहेत, महाराष्ट्रात 13.

पण टक्केवारी भिंतीवर लिहून नोकरी मिळत नाही. ती मिळते बिंदुनामावलीमुळे. कचेरीत एक नोंदवही असते. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे क्रमाने, बिंदूप्रमाणे, त्यात लिहिलेले असते. माणूस निवृत्त झाला की त्याच्या बिंदूवर त्याच प्रवर्गाचा माणूस. रुक्ष वाटते, पण सारी लढाई या वहीत आहे आणि डाव खेळणारे ती वही बरोबर ओळखून आहेत.

2017 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्राध्यापकांच्या जागा मोजताना सगळे विद्यापीठ एक न धरता प्रत्येक विभाग वेगळा धरावा. कानाला साधे वाटते. पण तेरा बिंदूंच्या त्या पद्धतीत चौथी जागा इतर मागासवर्गाला, सातवी अनुसूचित जातीला आणि चौदावी अनुसूचित जमातीला येते. विभागात जागा असतात चार-पाच. सातवी येणार कधी? टक्केवारीला हात न लावता मोजण्याची रीत बदलली, आणि विभाग कायमचा बंद! 5 मार्च 2019 रोजी या प्रश्नावर भारत बंद झाला, दोनच दिवसांत केंद्र सरकारला वटहुकूम काढावा लागला आणि त्या वर्षी केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी कायदा झाला.

असेच आणखी एक. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने 45 वरिष्ठ पदांवर बाहेरून थेट माणसे घेण्याची जाहिरात काढली. प्रत्येक पद एकेकटे दाखविले की राखीव जागेचा प्रश्नच उरत नाही. ओरड झाली, तीन दिवसांत जाहिरात मागे गेली. आपल्या राज्यातही 6 सप्टेंबर 2023 रोजी नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला होता, तो ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला.

निर्णय रद्द झाला तरी कंत्राटी भरती काही थांबलेली नाही. संगणकावर बसणारी मुलगी, दवाखान्यातला वॉर्डबॉय, दारावरचा रखवालदार, सगळे ठेकेदाराचे. ठेकेदाराने कोणाला घ्यावे याची बिंदुनामावली कोणी ठेवीत नाही. शहराच्या आजूबाजूला, चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथे हजारो हात काम करतात आणि तेथे घटनेचे 16 वे कलम पोहोचत नाही. ते फक्त सरकारी नोकरीला लागू. खाजगी मालकाने अर्जावरचे आडनाव पाहून अर्ज टोपलीत टाकला तर दाद मागण्यासाठी सरळ, सोपा असा कायदा आपल्या देशात नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणाने नोकरी-धंद्यात आडकाठी करणे गुन्हा आहे खरा, पण टोपलीतला अर्ज साक्ष द्यायला येतो थोडाच! उद्योगपतींच्या संघटनांनी 2006-07 च्या सुमारास आपणहून आचारसंहिता पाळण्याचे ठरविले. ती पाळली की नाही हे पाहणारेही तेच.

एक खाते मात्र असे आहे की तेथे गुणवत्तेची चर्चा कधी ऐकू येत नाही. झाडू आणि गटारसफाई. तेथे खुल्या प्रवर्गातील उमेदवारांवर अन्याय होतो असा मोर्चा अजून कुणी काढलेला नाही.

आपल्या घरात

हे कौटुंबिक पान आहे, तेव्हा घरातलेही दोन शब्द बोलले पाहिजेत. बाळंतपणाच्या रजेचे विधेयक मुंबई विधिमंडळात आले तेव्हा, 28 जुलै 1928 रोजी, बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. परिणाम काय? अनेक मालक नवविवाहित मुलीला घ्यायलाच बिचकतात. गिरणीतल्या धोट्याचीच ही दुसरी तऱ्हा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गातल्या जागांपैकी तेवढ्या त्या प्रवर्गातील महिलांच्या. आणि आपणच मुलीला म्हणतो, 'एवढ्या लांबची परीक्षा कशाला देतेस?' मुलाला पुण्याच्या क्लासला पाठविताना हा प्रश्न आपल्याला पडत नाही.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. राखीव जागेवरून साहेब झालेली आपली माणसे निवड समितीवर बसतात तेव्हा गप्प का असतात? 18 मार्च 1956 रोजी आग्ऱ्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जे दुःख बोलून दाखविले ते सर्वांना माहीत आहे, त्याची उजळणी नको. त्याहून मला टोचणारी बाब अशी की, समोर मातंग, पारधी, वडार मुलगा किंवा मुसलमान मुलगी उमेदवार म्हणून आली की आपल्यातलाही एखादा तीच 'पार्श्वभूमी' विचारू लागतो. मग आपण त्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

बाबासाहेबांनी जून 1950 मध्ये येथे महाविद्यालय काढले आणि 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविली, तेव्हा ते केवळ आपल्या मुलांचे ठेवले नाही. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस आपल्या समाजाचे नव्हते. शिक्षक सर्व जातींचे, विद्यार्थी सर्व जातींचे. पण जोडीला वसतिगृहही काढले, कारण खेड्यातल्या महारवाड्यातून आलेल्या पोराला नुसते 'दार उघडे आहे, ये' म्हणून भागत नाही, त्याला रात्री झोपायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते, हे त्यांना स्वानुभवाने माहीत होते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले तेही याचसाठी. अमेरिकेत ज्याला आता मोडीत काढले, ते विविधता, समता आणि समावेशन नागसेनवनात पंचाहत्तर वर्षांपूर्वी हे असे, जेवणाच्या ताटासकट सुरू झाले होते. त्याच मिलिंदचे एक प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख त्यांनी आपल्या तरुणांना करून दिली. आपले आणि त्यांचे नाते तेव्हापासूनचे आहे.

आता प्रत्यक्षात काय करता येईल? कंपनीच्या टोपलीतला अर्ज आपल्याला दिसत नाही, पण सरकारी कचेरी, महानगरपालिका, जिल्हा परिषद, अनुदानित शाळा-महाविद्यालय यांची बिंदुनामावली पाहण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. त्यात असे विचारावे: मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रवर्गवार अनुशेष किती, बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून शेवटची कोणत्या तारखेला तपासून घेतली, आणि किती कामे कंत्राटी माणसांकडून करून घेतली जातात. नोंदवहीच्या पानांच्या छायाप्रती मागाव्यात, नुसता 'नियमानुसार कार्यवाही चालू आहे' हा मजकूर घेऊन परत येऊ नये. उत्तर 30 दिवसांत आले पाहिजे. न आल्यास त्याच कचेरीतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत पहिले अपील करावे. अर्ज मराठीतून चालतो, घरातली दहावी-बारावीची मुलगीसुद्धा तो लिहू शकते. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली तर तोही लागत नाही.